कीबोर्डची काही बटणं चालत नाहीत? आधी मेलेल्या बटणांची यादी करा

अख्खा कीबोर्ड बंद पडला तर काम सोपं असतं. केबल निघाली असेल, बॅटरी संपली असेल, नाहीतर कीबोर्डच गेला असेल. डोकं खातो तो अर्धा चालणारा कीबोर्ड. ई उमटतं, आर उमटत नाही. स्पेसबार तीनदा दाबला की एकदा चालतो. एंटर ठीक, पण बॅकस्पेस ढिम्म. अशा वेळी बहुतेक जण आधी बटणं जोरजोरात आपटतात, मग रीस्टार्ट करतात आणि मग थेट स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतात.

माझं सांगणं इतकंच, की त्याआधी कागद-पेन घ्या. कोणती बटणं मेली, कोणती अडखळतात आणि कोणती भलतंच उमटवतात, हे लिहून काढा. खराब बटणं कशी विखुरली आहेत त्यावरूनच बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या यादीवर उभ्या आहेत.

यादी कशी करायची

नोटपॅडसारखी कुठलीही कोरी फाइल उघडा आणि एकेक बटण क्रमाने दाबत जा. अक्षरांपुरतं हे पुरतं. पण शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, फंक्शनची बटणं काही उमटवत नाहीत. त्यांच्यासाठी विंडोजमधला पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. विंडोज, कंट्रोल आणि ओ ही तीन बटणं एकत्र दाबली की तो समोर येतो. (नेमकं ओ मेलं असेल तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे माउसने चालू करा.) आता खरं बटण दाबलं की पडद्यावरचं तेच बटण चमकतं. चमकलं म्हणजे संदेश संगणकापर्यंत पोचला. मॅकवर हेच काम कीबोर्ड व्ह्यूअर करतो.

प्रत्येक बटणापुढे चारपैकी एक शेरा लिहा: मेलं, कधी कधी चालतं, दुसरंच उमटतं, एका दाबात दोन-तीन अक्षरं येतात. अडखळणारी बटणं हळू, जोरात आणि कडेला दाबूनही पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

यादी वाचायची कशी

इथे थोडं कीबोर्डच्या पोटात शिरावं लागेल. साध्या पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर १०४ बटणं असतात, पण आत १०४ वेगवेगळ्या तारा नसतात. तारांची जाळी असते, काही आडव्या रेषा आणि काही उभ्या. समजा ८ आडव्या आणि १८ उभ्या रेषा आहेत. म्हणजे एकूण २६ रेषांत १४४ छेद मिळतात, आणि १०४ बटणं त्यात आरामात बसतात. प्रत्येक बटण अशा एका छेदावर असतं. कीबोर्डमधली छोटी चिप एकेका रेषेत सिग्नल सोडून बाकीच्या रेषांवर तो येतोय का ते सेकंदाला शेकडो वेळा तपासत असते. बटण दाबलं की दोन रेषा जोडल्या जातात आणि चिपला कळतं, अमुक छेद मिटला.

आता एक रेषा मध्येच तुटली तर? तिच्यावरची, तुटलेल्या जागेच्या पलीकडची सगळी बटणं एकदम मरतात. म्हणून एक, क्यू, ए, झेड अशी तिरकी माळ एकाच वेळी गेली तर ती चार वेगवेगळी दुखणी नाहीत, एकच आहे. या रेषा डोळ्यांना दिसणाऱ्या बटणांच्या रांगांप्रमाणे धावतीलच असं नाही. कधी एफ-५, टी, जी आणि बी असा वरवर विस्कळीत गट निघतो. गट निघाला, की बिघाड बटणांत नाही, रेषेत किंवा केबलच्या टोकाशी आहे. तिथे बटण उपटून साफ करत बसण्यात अर्थ नाही.

उलट, एकच बटण मेलं असेल, किंवा एकमेकांना खेटून असलेली दोन-तीन, तर घाण, कण किंवा झिजलेलं रबर यांच्यावर संशय घ्या.

एका दाबात दोन अक्षरं येत असतील तर बहुधा आत ओल गेली आहे. दोन रेषा जिथे जोडल्या जायला नकोत तिथे जोडल्या गेल्यात. आणि यादी दर वेळी बदलत असेल, म्हणजे सकाळी एस गळत होतं आणि दुपारी एल, तर बिघाड बटणात नाहीच; बिनतारी कीबोर्ड असेल तर संपर्क तपासा, वायरचा असेल तर केबल.

बिघाड नसलेले बिघाड

काही वेळा कीबोर्ड ठणठणीत असतो आणि कुठलीतरी सोय चुकून चालू झालेली असते. हे आधी वगळा, कारण यात काही उघडावं लागत नाही.

एकदा मावशीचा फोन आला. "अरे, माझ्या लॅपटॉपला वेड लागलंय. मिलिंद लिहायला गेले की आकडे येतात." मी म्हटलं, नेमकं काय येतं ते वाच. तिने वाचलं: शून्य, पाच, तीन, पाच, आणि मग एन, डी. म्हणजे एम, आय आणि एल ही तीन बटणं आकडे उमटवत होती, बाकीची नीट. स्वतंत्र आकडेफलक नसलेल्या बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर नमलॉक लागला की यू, आय, ओ या बटणांचे ४, ५, ६ होतात, जे, के, एल यांचे १, २, ३ आणि एमचा शून्य. बटणांच्या कोपऱ्यात हे आकडे बारीक अक्षरांत छापलेलेही असतात. नमलॉक (काही लॅपटॉपवर एफ-एन बटणासोबत) पुन्हा दाबला, वेड गेलं. मावशी दोन दिवस पासवर्ड चुकतोय म्हणून वैतागली होती. पासवर्डच्या चौकोनात नुसते ठिपके दिसतात, मग कळणार कसं?

दुसरी तशीच गंमत फिल्टर कीजची. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज ही सोय चालू करायची का असं विचारतं, आणि घाईत आपण एंटर मारतो. मग पटकन दाबलेली बटणं संगणक चक्क दुर्लक्षितो. ओळखायची खूण सोपी आहे: बटण क्षणभर दाबून धरलं तर उमटतं, नेहमीच्या वेगाने दाबलं तर नाही. शिफ्ट पाचदा दाबल्यावर लागणाऱ्या स्टिकी कीज हे तिचंच भावंड. दोन्ही सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड या पानावर बंद करता येतात.

तिसरं कारण भाषेचा आराखडा, म्हणजे लेआउट. अक्षरं ठीक, पण शिफ्ट आणि दोन दाबल्यावर ॲट-चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह येतंय? आराखडा अमेरिकेऐवजी ब्रिटनचा झाला आहे. विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून बदला. मराठी टंकणाऱ्यांचा इथे वेगळाच घोळ होतो. इन्स्क्रिप्ट या मराठी आराखड्यात के दाबलं की क येतो, म्हणून हा उच्चाराप्रमाणे चालणारा आराखडा असावा असं नवख्याला वाटतं. मग एच दाबल्यावर प आला की तो कीबोर्डला दोष देतो.

शेवटचं आणि सगळ्यात फसवं: एखादं बटण दाबलेल्या अवस्थेत अडकणं. कंट्रोल खाली अडकलं तर एकही अक्षर उमटत नाही. पी दाबलं की छपाईची खिडकी उघडते, एस दाबलं की फाइल साठवायला निघते. दिसायला अख्खा कीबोर्ड बिघडलेला, प्रत्यक्षात एकच बटण. दोन्ही बाजूंचे कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि विंडोज एकेकदा दाबून सोडा.

सॉफ्टवेअर की हार्डवेअर

दुसरा कीबोर्ड कुणाकडून तरी उसना आणा आणि जोडा. त्यावरही तीच बटणं चुकत असतील तर दोष संगणकाच्या सेटिंगमध्ये. तो नीट चालला तर दोष तुमच्या कीबोर्डमध्ये. याहून चांगली चाचणी मला माहीत नाही. दुसरा कीबोर्ड नसेल तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पडद्यात, शिरा (कंपनीप्रमाणे एफ-२, डिलीट, एफ-१० किंवा एस्केप) आणि बाणांची बटणं, एंटर वगैरे तिथे चालतात का पाहा. तिथे विंडोज अजून सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे तिथेही मेलेलं बटण खरोखरच मेलेलं.

ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाका, हा सल्ला तुम्हाला जिथे तिथे मिळेल. करून पाहायला हरकत नाही: डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डवर उजवी क्लिक, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. पण फार आशा ठेवू नका. प्रत्येक अक्षराचा वेगळा ड्रायव्हर नसतो; नव्वद बटणं नीट चालत असताना उरलेल्या पाचांसाठी ड्रायव्हर बिघडेल, हे मला पटत नाही.

वायरचा कीबोर्ड असेल तर तो थेट संगणकाच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा, मध्ये हब नको. जुना गोल पिनांचा, म्हणजे पीएस-२, असेल तर संगणक बंद करून मगच लावा. तो चालू संगणकात लावायचा नसतो. बिनतारी असेल तर आधी नवी बॅटरी. मग त्याचा छोटा रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३.० च्या पोर्टांमधून आणि केबलींमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ-गोंगाट निघतो, आणि बिनतारी कीबोर्ड नेमके त्याच पट्ट्यात बोलतात; इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. रिसीव्हरच्या शेजारी बाहेरची हार्डडिस्क लावलेली असेल तर अक्षरं गळू शकतात. छोट्या एक्स्टेन्शन केबलने रिसीव्हर दूर आणा.

साफसफाई

एकट्यादुकट्या बटणासाठी ही पायरी. संगणक पूर्ण बंद करा, चार्जर काढा. लॅपटॉप जवळजवळ उभा, साधारण ७५ अंशांत तिरका धरा आणि दाबलेल्या हवेच्या डब्याने बटणांच्या फटीत छोटे छोटे फवारे मारा. डबा मात्र सरळच धरा. तो आडवा केला तर हवेऐवजी आतला गारठलेला द्रव बाहेर येतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा जातो.

टेबलावरच्या कीबोर्डच्या बटणांची वरची टोपणं निघतात. आधी मोबाइलवर फोटो काढा. खरंच काढा, सगळी टोपणं वाटीत पडली की स्क्रोल लॉक आणि पॉजची जागा कुणालाच आठवत नाही. स्पेसबार, एंटर आणि मोठ्या शिफ्टखाली एक बारीक तार असते, बटण कुठेही दाबलं तरी सपाट खाली जावं म्हणून. ती आकड्यातून सुटलेली असेल तर बटण एका टोकाला दाबल्यावर चालतं आणि दुसऱ्या टोकाला अडतं. यादीत "कडेला दाबल्यावर चालतं" असा शेरा असेल तर आधी हे तपासा.

लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी उघडमीट होणारी नखाएवढी प्लॅस्टिकची चौकट असते, तिचे खिळे केसासारखे बारीक. टोपण कुठल्या बाजूने उचलायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. तुमच्या मॉडेलचं माहीत करून घेतल्याशिवाय उचकटू नका.

चिकटपणा असेल तर नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा. बटण वीस-तीसदा दाबा, पूर्ण सुकू द्या. नेलपॉलिश काढायचं द्रावण चुकूनही नको, त्यातलं ॲसिटोन प्लॅस्टिकच विरघळवतं.

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, असेल आणि त्याचे स्विच खेचून काढता येणारे असतील तर एक झकास युक्ती आहे. मेलेल्या बटणाचा स्विच आणि पॉजसारख्या कधी न लागणाऱ्या बटणाचा स्विच यांची अदलाबदल करा. आता पॉज मेलं तर स्विच खराब होता, आणि तो तुम्ही नकळत बदललाही. मूळ बटणच मेलेलं राहिलं तर दोष खालच्या बोर्डात आहे.

सांडलं असेल तर

वाट पाहू नका. पॉवरचं बटण दाबून धरून लगेच बंद करा, चार्जर काढा, निघणारी बॅटरी असेल तर तीही. लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा घाला. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तांदळात पुरणंही नको. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाहीत, वर पोर्टमध्ये कण जातात ते वेगळेच. किमान एक-दोन दिवस सुकू द्या. साधं पाणी असेल तर वाचण्याची बरी शक्यता असते. गोड पेय असेल तर पाणी उडून जातं आणि साखर राहते. ती ओल धरते आणि रेषा हळूहळू गंजतात. म्हणून सांडल्यावर आठवडाभर ठीक चालून मग एकेक बटण जायला लागतं.

उघडण्याची वेळ

यादीत गट निघाला असेल तर इथवर यावंच लागतं. पण एक पाहा: लॅपटॉपचा कीबोर्ड मधोमध फुगल्यासारखा दिसतोय का, टचपॅड दबत नाहीये का? तसं असेल तर खालची बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे. बटणं दाबून पाहू नका, चार्जिंग बंद करा, काही टोचू नका आणि जाणकाराकडे द्या. हे घरी करायचं काम नाही.

टेबलावरचा साधा कीबोर्ड पालथा करून स्क्रू काढा. एखादा हमखास लेबलखाली लपलेला असतो. आत पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन थर दिसतील. वरच्या आणि खालच्या थरावर चंदेरी रेषा छापलेल्या असतात, मधल्याला फक्त भोकं. बटण दाबलं की वरचा थर भोकातून खालच्याला टेकतो, एवढाच सगळा कारभार. थर उजेडासमोर धरा. निरोगी रेषा सलग चंदेरी दिसते. बिघडलेली एका जागी काळी-हिरवी पडलेली किंवा खपली निघाल्यासारखी तुटलेली. यादीतली बटणं बोटाने गाठत गेलात की सगळी त्याच डागाच्या पलीकडे सापडतात, आणि पहिल्यांदा हे दिसतं तेव्हा फार मजा येते. तुटलेला भाग वीजवाहक चांदीच्या शाईने जोडता येतो. सोल्डरिंग करायला जाऊ नका, प्लॅस्टिक वितळेल. पेन्सिलीचं शिसं घासायची युक्ती लोक सांगतात, पण त्याचा रोध फार असतो आणि ते टिकत नाही.

लॅपटॉपमध्ये कीबोर्डपासून मदरबोर्डपर्यंत एक चपटी पट्टी-केबल जाते. ती किंचित तिरकी झाली तरी कडेच्या रेषा सुटतात आणि बटणांचा एक गट मरतो. बॅटरी सोडवून ती केबल काढायची, टोक पुसायचं, सरळ बसवायची. पहिल्यांदा हे करताना मी माती खाल्ली. केबल धरून ठेवणारी नखाच्या कडेएवढी काळी पट्टी असते. काही मॉडेलांत ती वर उचलायची असते, काहींत बाहेर सरकवायची. मी सरकवायची पट्टी उचलली. टिक असा बारीक आवाज झाला आणि ती माझ्या बोटावर आली. नंतर दुमडलेल्या टेपचा तुकडा वर दाबून तो लॅपटॉप मी दीड वर्ष वापरला. तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावून आधी नीट बघा.

तोवर काम कसं भागवायचं

लॉगिनलाच अडलं असेल तर त्या पडद्यावर खाली उजवीकडे ॲक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं, तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो. एखादंच अक्षर गेलं असेल तर ते कुठून तरी कॉपी करून ठेवा आणि लागेल तिथे कंट्रोल-व्ही करा. व्हीच गेलं असेल तर शिफ्ट आणि इन्सर्ट. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर हे मोफत साधन कॅप्सलॉकसारख्या निरुपयोगी बटणाला मेलेल्या बटणाचं काम देऊ शकतं. मी असा कॅप्सलॉकचा बॅकस्पेस केला होता, आणि नवा कीबोर्ड आल्यावरही तो तसाच ठेवला.

लॅपटॉपचा कीबोर्ड बदलायचाच झाला तर मॉडेल नंबरासोबत कीबोर्डच्या पाठीवरचा पार्ट नंबरही टिपून घ्या आणि बटणांमागे दिवे आहेत का ते पाहा. दिव्यांची वेगळी केबल असते. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत कीबोर्ड त्याच्याभोवतीच्या कव्हरला प्लॅस्टिकच्या रिवेटांनी ठोकलेला असतो, तिथे ते पूर्ण कव्हरच बदलावं लागतं. कीबोर्ड बदलण्याने तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, त्यामुळे दुरुस्तीला देताना पासवर्ड सांगायची गरज नाही. बायोसमध्ये किंवा त्यासाठी काढलेल्या वेगळ्या खात्यावर चाचणी होते.

घरी उघडला असेल तर सगळे स्क्रू एकदम आवळू नका. दोनच लावा, सुरू करा आणि सुरुवातीची यादी काढून प्रत्येक बटण पुन्हा दाबा, नीट चालणारीसुद्धा. एखादं नवं मेलं असेल तर केबल तिरकी बसली आहे, परत काढा.